बाईंनी निवडलेला पाया

पडद्यावर प्रश्न एकच होता, आणि हेरंब घाणेकरने आजवर त्याचं उत्तर फारसा विचार न करता दिलं होतं.

'साठवणीचा पाया कोणता?'

खाली दोन पर्याय होते. आज-पूर्ण आणि आरंभ-पूर्ण. पहिल्या पर्यायापाशी उभी रेघ लुकलुकत होती, कारण कोणी काहीच सांगितलं नाही तर संगणक तोच धरून चालत असे. साताऱ्याजवळ यवतेश्वरच्या डोंगरावर असलेल्या त्या स्मृतिशोध केंद्रात ज्यांच्या ज्यांच्या डोक्यात स्मृतिपट्टी बसली, त्या सगळ्यांसाठी हेरंबने पहिलाच पर्याय घेतला होता. दुसरा पर्याय आहे हेच कित्येकांना ठाऊक नव्हतं.

आज मात्र घोडं अडलं होतं. खाटेवर खुद्द बाई बसल्या होत्या, आणि त्या दुसऱ्या पर्यायाकडे बोट दाखवत होत्या.

डॉ. शरयू भाटवडेकरांना केंद्रातले सगळे बाईच म्हणत. स्मृतिपट्टी त्यांच्या डोक्यातून निघाली आणि शेवटी त्यांच्याच डोक्यात शिरली, हा विनोदही त्यांचाच; शस्त्रक्रियेला जाताजाता त्यांनी तो केला होता आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना हसू आवरेना. सत्तरी ओलांडल्यावर त्यांच्या मेंदूची पकड सुटायला लागली. आधी नावं निसटली, मग कालचा दिवस निसटू लागला, आणि आता तर झोप लागली की सगळ्या मनाचीच घडी विस्कटत असे. या रोगाचं निदान बाईंनी डॉक्टरांच्या आधी केलं. दुसरी कोणी असती तर रडत बसली असती. बाईंनी त्याच आठवड्यात स्वतःच्या आठवणी नोंदवून घ्यायला सुरुवात केली, आणि सगळं काही निसटायच्या आत ते काम पुरं केलं. हेरंबला त्यांचा अभिमान वाटायचा.

केंद्राची एक रीत होती. पट्टी चालवणारी तयार प्रणाली कोणाच्याही डोक्यात घालायची नाही. प्रत्येक मेंदूची वीण वेगळी, म्हणून मूळ मजकुरापासून प्रणाली नव्याने बांधून काढायची, म्हणजे तिचं संकलन करायचं, आणि तेही रुग्णाच्या खाटेशेजारी बसून. संकलकाने एकेक प्रश्न मोठ्याने वाचायचा, रुग्णाने उत्तर द्यायचं, मगच कळ दाबायची. ही रीत बाईंनीच घालून दिलेली. एरवी तो नुसता सोपस्कार होता. रुग्ण म्हणायचे, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा," आणि हेरंब तसं करून मोकळा व्हायचा.

"मला जरा नीट सांगाल का?" डॉ. रुबिना मुजावर म्हणाली. पट्टी तिनेच बसवली होती. मेंदूतल्या शिरान् शिरा तिला पाठ होत्या, पण मिरजेहून इथे येऊन तिला फार दिवस झाले नव्हते आणि प्रणालीच्या बाबतीत ती नवखी होती. "दोन पर्यायांत एवढं काय आहे, की तुमचा चेहरा असा झालाय?"

हेरंबने खुर्ची वळवली. "आम्ही प्रणाली लिहिणारे लोक रोज काहीतरी बदलतो आणि रोज काहीतरी बिघडवून ठेवतो. म्हणून एक राखणदार लागतो. कोणी काय बदललं ते तो जपून ठेवतो, आणि सांगितलं की मागची कुठलीही आवृत्ती जशीच्या तशी उभी करून देतो. त्याला आवृत्तीपाल म्हणतात. बाईंनी तो माणसाच्या मनाला लावला. आजचं मन म्हणजे कालच्या मनाची नवी आवृत्ती. इतकी साधी कल्पना."

"साधी म्हणे," बाई म्हणाल्या. "समितीने दोनदा हसण्यावारी नेली होती. तिसऱ्यांदा हसायला कोणी उरलं नव्हतं."

"आता रोजचं मन अख्खंच्या अख्खं साठवायला पट्टीवर जागा नाही," हेरंब पुढे म्हणाला. "म्हणून एकच आवृत्ती अख्खी ठेवायची आणि बाकीच्या दिवसांचे नुसते फरक. प्रश्न एवढाच, की अख्खी कुठली ठेवायची? समजा, घर आहे. आज-पूर्ण पायात आजचं घर उभं असतं आणि मागच्यासाठी चिठ्ठ्या असतात. काल ही भिंत नव्हती, परवा हा जिना नव्हता. आज हवंय? दार उघडा आणि आत जा. जुनं हवंय? एकेक गोष्ट काढत मागे जा. आरंभ-पूर्ण म्हणजे बरोबर उलट. अगदी पहिलं, एका खोलीचं घर तेवढं अख्खं. पुढे सगळ्या चिठ्ठ्या. इथे भिंत घाला, इथे जिना चढवा. आजच्या घरात जायचं तर पहिल्या खोलीपासून सगळं बांधत यावं लागतं."

"रोज?"

"रोज सकाळी. झोपेनंतर बाईंच्या मेंदूत काही उभं राहत नाही, त्यामुळे मन रोज नव्याने मांडावं लागणार. आज-पूर्ण असेल तर डोळे उघडायच्या आत काम झालेलं असेल. आरंभ-पूर्ण असेल तर बाई रोज सकाळी चार वर्षांच्या, म्हणजे पहिल्या आठवणीएवढ्या असतील, आणि तिथून सगळ्या आयुष्याची उजळणी करत त्यांना आजपर्यंत यावं लागेल. वेगाने येतील, पण काही गाळता येणार नाही."

"मग दोन्ही पाये ठेवा की."

"जागा नाही. संकलनात एक घेतला की दुसऱ्याचं नावनिशाण उरत नाही. नंतर बदलायचा म्हटलं तर पट्टीच काढावी लागेल."

"ते मी करणार नाही," रुबिना ताडकन म्हणाली. "एकदा विणली गेलेली पट्टी काढायची म्हणजे पेशंट गमवायचा." मग ती बाईंकडे वळली. "पण बाई, इतकं सरळ आहे सगळं! तुम्ही स्वतःला असा त्रास का करून घेताय?"

 बाईंनी हेरंबला विचारलं, "शिरवळचे पाटणे आठवतात?"

आठवत होते. हेरंबने केलेल्या पहिल्या काही संकलनांपैकी एक.

"लहानपणी ते विहिरीत पडले होते. थोरल्या भावाने उडी मारून काढलं. आठवणी नोंदवताना माझ्यासमोर रडले होते ते सांगताना. मागच्या वर्षी भावाशी बोलाचाली झाली, अबोला धरला. परवा तपासणीला आले तेव्हा सांगत होते, मी वहीत लिहून ठेवलंय, भावानेच मला विहिरीत ढकललं."

"चिडून बोलले असतील."

"अजिबात नाही. त्यांना तसंच आठवतंय. आता तूच सांग का ते."

बाईंनी प्रश्न विचारला की हेरंब अजूनही विद्यार्थ्यासारखा सावरून बसायचा. तो बोलू लागला आणि बोलता बोलता त्याचा आवाज खाली आला. "आज-पूर्ण पायात अख्खं असतं ते आजचं मन. मागचं सगळं त्यातून वजा करत काढायचं. आजच्या मनात भावाबद्दल राग भरला, तर... वजाबाकी त्या रागातूनच सुरू होणार. तो मागे सगळीकडे उतरत जाणार. अगदी विहिरीपर्यंत."

"शाबास."

"बाई, मग आपण इतक्या लोकांचं..."

"घाबरू नकोस. बऱ्याच जणांचं थोडंथोडं सरकलंय. कोणाचा संसार मागे जाऊन गोड झालाय, कोणाचा बाप राक्षस झालाय. धडधाकट माणसंही हेच करतात आणि सुखाने जगतात. पण पाटण्यांना मी खरं काय ते सांगणार आहे, आणि यापुढे प्रत्येक रुग्णाला हा प्रश्न समजावून विचारायचा, नुसता वाचायचा नाही." बाई उशीला टेकल्या. "आरंभ-पूर्ण पायात एकदा लिहिलेल्या पानाला कोणी हात लावत नाही. नवं येईल ते शेवटी जोडलं जातं. मला माझं आयुष्य जसं झालं तसं हवंय रे. मग सकाळी थोडा उशीर झाला तरी चालेल."

रुबिनाने हेरंबकडे पाहिलं. हेरंब बाईंकडे पाहत होता. जिचं सगळं हातातून निसटत चाललंय ती बाई आपल्याला सोयीचं न मागता खरं तेवढं मागत होती, आणि त्याला वाटलं, आपण आयुष्यात एक गोष्ट नक्की बरोबर केली, ती म्हणजे हिच्या हाताखाली शिकलो.

तेवढ्यात दाराशी कोणी तरी खाकरलं. बाईंचे यजमान होते. "हेरंब, जरा बाहेर येतोस?"

मुकुंदराव शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. स्वभावाने मऊ, बोलणं कमी. केंद्राच्या अंगणातल्या पारावर ते बसले. खाली शहर पसरलं होतं.

"जुईबद्दल तुला माहीत आहे."

हेरंबने मान हलवली. बाईंची मुलगी नऊ वर्षांची होऊन तापाने गेली, हे केंद्रात सर्वांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल कोणी बोलत नसे.

"त्या दिवशी दवाखान्यात खोलीत शरयू एकटी होती. मी व्हरांड्यात होतो. डॉक्टर येऊन म्हणाले, आत या, आता फार वेळ नाही. माझा पायच उचलला नाही. भिंतीला धरून उभा राहिलो. ती बाहेर आली तेव्हा सगळं संपलं होतं." मुकुंदरावांनी चष्मा काढून उगाचच पुसला. "मला तिने कधी एका शब्दानेही बोल लावला नाही. आता तू सांगतोस की रोज सकाळी तिला पहिल्यापासून यावं लागणार. म्हणजे रोज जुई होणार आणि रोज ती खोली येणार. मी तुमच्यातला नाही, पण मला एवढं कळतंय ना बरोबर?"

"बरोबर आहे, काका."

"शरयू एकदा बोलली होती, मधेच एखादी अख्खी प्रत ठेवता येते म्हणून."

"मुक्कामप्रत. हो, येते. मग उजळणी तिथूनच सुरू होते. मागचं पुसलं जात नाही, फक्त रोज त्यातून जावं लागत नाही."

"मग जुई गेल्यानंतरच्या वर्षात टाक. नाहीतर दोन वर्षांनंतर. आणि तिला सांगू नकोस. ती नाही म्हणेल." त्यांनी हेरंबचं मनगट धरलं. "एवढं कर माझ्यासाठी."

हेरंब आत गेला तेव्हा त्याच्या डोक्यात नुसता गोंधळ होता. मुकुंदरावांचं मागणं वेडगळ नव्हतं. तांत्रिकदृष्ट्या ते उत्तमच होतं. सकाळची उजळणी निम्म्याने कमी झाली असती. संकलनाच्या सूचनांमध्ये एक ओळ घालायची. बाई थकून डोळे मिटून पडल्या होत्या. ओळ वाचली नाही तर त्यांना कळायचंही कारण नव्हतं. त्यांना वाचवायचं म्हणजे त्यांना फसवायचं, आणि फसवायचं नाही म्हणजे रोज सकाळी त्या खोलीत ढकलायचं. त्याने ती ओळ टंकली, खोडली, पुन्हा टंकली.

मग त्याला वाटलं, मोठ्याने वाचायची रीत बाईंनी याच क्षणासाठी घालून दिली असावी. संकलकाला दया येते त्या क्षणासाठी. त्याने घसा साफ केला.

"मुक्कामप्रत हवी का? हवी असल्यास कुठे?"

दारात उभे असलेले मुकुंदराव जागच्या जागी थिजले. बाईंनी डोळे उघडले, आधी हेरंबकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"तुम्ही सांगितलंत ना?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. "अहो, जुई गेली ती एका दिवसात. पण होती नऊ वर्षं. त्या एका दिवसाला घाबरून मी नऊ वर्षं ओलांडून जाऊ?"

"रोज, शरयू. रोज तुला ते..."

"रोज ती पण आहे." बाई हेरंबकडे वळल्या. "मुक्कामप्रत नको. पाया आरंभ-पूर्ण. होय."

हेरंबने कळ दाबली. पडद्यावरून ओळी धावू लागल्या, आवृत्तीपाल एकेक तुकडा जोडत बांधला जाऊ लागला, आणि न निवडलेल्या पायाचा मजकूर बाजूला पडून कायमचा गळाला. मुकुंदराव तिथे थांबले नाहीत.

पहिल्या सकाळी बाईंच्या खाटेशी तिघे होते. उजळणी चालू असताना डोळे-कान मेंदूपासून तोडलेले असतात, नाहीतर आजचे आवाज कालच्या दिवसांत शिरतील. रुबिनाने तशी सोय केली होती. स्पर्श तेवढा पुरता बंद करता येत नाही, म्हणून अंगावर हलकी चादर होती आणि कोणी हात लावायचा नाही असं ठरलं होतं. मुकुंदराव खुर्चीत बसले होते. मला जमणार नाही, असं आदल्या संध्याकाळी म्हणाले होते, तरी आले.

बाईंच्या मिटल्या पापण्यांखाली बुबुळं हलू लागली आणि ओठ पुटपुटू लागले. आवाज त्यांचाच, पण कोवळा. त्यांना पोळीचा लाडू हवा होता. मग पाढे आले, मग कोणाशी तरी कडाक्याचं भांडण, मग कॉलेजातली कुठलीशी सूत्रं, सगळं धावत्या गाडीतून दिसणाऱ्या गावांसारखं. हेरंब तोंडात बोट घालून ऐकत होता. ज्या बाईंना त्याने पांढऱ्या केसांतच पाहिलं होतं त्या त्याच्यासमोर वाढत होत्या.

"तुम्हीच का ते, चित्रकलेचे?" बाई एकदम हसून पुटपुटल्या.

मुकुंदरावांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांनी जे उमटलं ते पाहून रुबिनाने तोंड दुसरीकडे वळवलं.

मग जुई आली. बाईंचं पुटपुटणं संथ झाल्यासारखं वाटलं, पण वेग तोच होता; एकेका दिवसात ऐवज जास्त होता एवढंच. गाणं होतं, डोक्यातल्या उवा होत्या, पडलेला दात होता. मग ताप आला. बाईंचा श्वास बदलला. आणि त्या खोलीपाशी त्या पोचल्या तेव्हा त्यांच्या घशातून जो आवाज आला, तो ऐकून मुकुंदराव कोणाचीही पर्वा न करता पुढे झाले आणि त्यांनी बाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. रुबिना अडवणार होती. अडवलं नाही.

बाई आजपर्यंत पोचल्या तेव्हा आणलेला चहा दोनदा गरम करून झाला होता. त्यांनी डोळे उघडले, सगळ्यांकडे नीट पाहिलं, आणि म्हणाल्या, "हेरंब, दाढी कर." हेरंबच्या जिवात जीव आला.

तो जीव दुपारपर्यंतच टिकला. खानावळीत भाकरीचा तुकडा मोडता मोडता त्याचा हात थांबला, आणि तो ताट तसंच टाकून बाईंच्या खोलीकडे पळत सुटला. रुबिना मागोमाग धावली.

"बाई, आपण फार मोठी चूक केली! आज सकाळी तुम्ही सगळं आयुष्य पुन्हा पाहिलंत. तोही अनुभवच. आज रात्री तो पट्टीवर चढणार. म्हणजे उद्याच्या उजळणीत आयुष्य एकदा, आणि त्याची आजची उजळणी म्हणून आणखी एकदा. परवा चौपट. सकाळ दुपारपर्यंत जाईल, मग संध्याकाळपर्यंत, आणि मग तुम्ही कधी आजपर्यंत पोचणारच नाही!"

रुबिनाचीही पाचावर धारण बसली. बाईंनी मात्र मान तिरकी केली. तोंडी परीक्षेत समोरचा पोरगा गडबडला की त्या अशीच मान तिरकी करत.

"आपण पट्टीवर काय साठवतो?"

"अनुभव."

"नाही."

हेरंबने श्वास घेतला. "फरक."

"कशाशी?"

"आधी जे साठवलंय त्याच्याशी." तो थबकला. "आणि आज सकाळी तुम्ही जे पाहिलंत ते तर आधीपासून साठवलेलंच आहे. हुबेहूब तेच. म्हणजे फरक..."

"शून्य यायला हवा. सकाळ माझ्या मनावरून जाईल आणि पट्टीवर तिचा मागमूस राहणार नाही. उद्या मला आजची उजळणी आठवणार नाही आणि ती वाढणारही नाही. निदान आवृत्तीपाल मी तसा बांधलाय. पण माझ्यावर विसंबू नकोस. मोजून बघ."

त्या रात्रीच्या नोंदीत उजळणीचा फरक शून्य आला नाही. सबंध उजळणीतून चिमूटभर काहीतरी उरलं होतं आणि साठवणीच्या शेवटी जोडलं गेलं होतं. हेरंबने खोदून पाहिलं तेव्हा आवृत्तीपालाने एवढंच दाखवलं, की या तुकड्याचा दुवा जुईच्या शेवटच्या दिवसाशी आहे. चिमूट लहानच होती. पण ती का आली हे कळत नव्हतं, आणि का आली हे कळत नाही अशी चिमूट उद्या मूठभर होऊ शकते.

दुसऱ्या दिवशीची उजळणी हेरंबने फरक मोजणाऱ्या मापकासमोर बसून काढली. त्याने मान वर केली नाही. आकडा थरथरला नाही, वाढला नाही, आणि उजळणी पुरी झाली तेव्हा पडद्यावर नुसतं शून्य होतं. निखळ, गोल शून्य. बाईंचा पाया जसा कागदावर होता तसाच डोक्यात चालत होता. हेरंबला ओरडावंसं वाटलं आणि तो ओरडला. एका माणसाने बसल्या जागी, मेंदू निसटत असताना, एवढं बिनचूक बांधून ठेवावं! रुबिनाने खाली साताऱ्यातून, राजवाड्यावरून कंदी पेढे मागवले. पेट्या फुटल्या, शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांच्या हातावर पेढा पडला.

हेरंब एक पेटी घेऊन अंगणात गेला. मुकुंदराव पारावर बसले होते.

"काका, तोंड गोड करा. शून्य आलं!"

"म्हणजे काय रे?"

"म्हणजे आजच्या उजळणीत मूळ दिवसांपेक्षा काही म्हणजे काही वेगळं झालं नाही. सगळं जसंच्या तसं. आता बाईंच्या सकाळी वाढण्याची भीती गेली."

मुकुंदरावांनी पेढा घेतला नाही. "जसंच्या तसं," ते म्हणाले. "आणि काल?"

"काल थोडा फरक राहिला होता. जुईच्या शेवटच्या दिवसापाशी. तोच तर कळत नव्हता."

"काल मी तिचा हात धरला होता."

हेरंबच्या हातातली पेटी उघडीच राहिली.

"आज मी ताप चढला तिथपर्यंत बसलो आणि उठून बाहेर आलो," मुकुंदराव म्हणाले. "तू मापकाकडे बघत होतास. मला वाटलं, तिला कुठे कळणार आहे, रात्री सगळं पुसलंच जाणार. इथे येऊन बसलो. त्या व्हरांड्यात उभा होतो तसाच." ते हेरंबकडे वळले. "म्हणजे आज ती त्या खोलीत पुन्हा एकटी होती. अगदी तेव्हासारखी. तुझं शून्य तेच सांगतंय ना?"

तेच सांगत होतं. हेरंबला स्वतःचाच आनंद एकदम अंगावर आल्यासारखं झालं. ज्या शून्यासाठी केंद्रभर पेढे वाटले गेले त्याचा दुसरा अर्थ त्याला सुचलाही नव्हता, आणि ज्याला प्रणालीतलं अक्षर कळत नव्हतं त्या माणसाने तो एका वाक्यात काढला होता, कारण तो त्या व्हरांड्यात उभा राहिलेला होता. हेरंब त्यांच्याशेजारी बसला. 

तिसऱ्या सकाळी मुकुंदराव सर्वांच्या आधी खोलीत आले. लाडू झाला, पाढे झाले, चित्रकलेचे मास्तर झाले. ताप चढायला लागला तसे त्यांनी डोळे मिटले. ते उठतात की काय अशी हेरंबला धास्ती वाटली. ते उठले ते खाटेकडे जायला. त्यांनी हात धरला आणि बाई ती खोली ओलांडून पुढच्या वर्षाला लागेपर्यंत सोडला नाही. या खेपेला हेरंबने मापकाकडे पाहिलंच नाही.

संध्याकाळी चौघे व्हरांड्यात बसले होते. रुबिना दुसऱ्या दिवशीच्या औषधांचं काही विचारत होती. बाई मधेच नवऱ्याकडे निरखून पाहू लागल्या. काहीतरी मनाशी नीट तपासून घेतल्यावरच त्या बोलल्या.

"जुई गेली तेव्हा तुम्ही आत आला नव्हतात."

मुकुंदरावांनी मान खाली घातली. "नव्हतो."

"ते मला पक्कं आठवतंय. त्यात काही सरकलेलं नाही." बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "पण नंतर आलात. एकदा परवा आलात. आणि आज आलात."

"उद्याही येतो," मुकुंदराव म्हणाले.